गिनी पिगचा मुतखडा: प्रयोगशाळेने न विचारलेला प्रश्न

ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकण्यापेक्षा डोळ्यांनी वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेलं थोडं इकडेतिकडे केलंय, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय एका श्रोत्याच्या प्रश्नावरून आला. त्याच्याकडे तीन वर्षांची गिनी पिग आहे. लघवीत रक्त दिसलं, डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि मूत्राशयात खडा निघाला. त्याने रात्रभर मोबाइलवर शोधलं. अर्ध्या ठिकाणी लिहिलेलं, हा ऑक्झलेटचा खडा असतो, पालक बंद करा. उरलेल्या ठिकाणी लिहिलेलं, छे, हा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, ऑक्झलेटचा संबंध नाही. त्याचा प्रश्न असा होता: "ज्या प्राण्यावर शंभर-दीडशे वर्षं सगळी औषधं तपासली, त्याला साधा मुतखडा कशाचा होतो हे अजून ठरलेलं कसं नाही?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. आणि त्याचं उत्तर वैद्यकशास्त्रापेक्षा इतिहासात जास्त सापडतं. आपल्याला दोन इतिहास बघायचे आहेत: एक दगडाचा, एक प्राण्याचा. हे दोन्ही शेजारून गेले, पण त्यांची भेट व्हायला एकविसावं शतक उजाडलं.

आधी दगडाचा इतिहास

मूत्राशयातला खडा हा माणसाच्या सगळ्यात जुन्या दुखण्यांपैकी एक. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत त्याला 'अश्मरी' म्हटलंय. अश्म म्हणजे दगड. त्यात अश्मरीचे चार प्रकार सांगितलेत आणि त्यातले तीन मुख्यतः लहान मुलांना होतात असंही नोंदवलंय. खालच्या बाजूने छेद घेऊन खडा बाहेर काढायची शस्त्रक्रिया तर पायरी-पायरीने दिलीय. पण मला सगळ्यात जास्त भिडलं ते वेगळंच. सुश्रुत सांगतो, शस्त्रक्रिया केली नाही तर मृत्यू नक्की, केली तर वाचण्याची खात्री नाही, म्हणून आधी राजाची परवानगी घ्यावी. आज हॉस्पिटलमध्ये ऑपरेशनच्या आधी आपण ज्या कागदावर सही करतो, त्याचाच हा पूर्वज. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

युरोपातही हेच दुखणं होतं. लंडनचा सॅम्युअल पीप्स, ज्याची रोजनिशी इतिहासकार आजही वाचतात, त्याने २६ मार्च १६५८ रोजी खडा काढून घेतला. भूल नाही, जंतुनाशक नाही. तो वाचला, आणि पुढे दरवर्षी त्या तारखेला मेजवानी द्यायचं त्याने ठरवलं. आपण वाढदिवस करतो, तसा हा 'खडा गेल्याचा दिवस'.

मग रसायनशास्त्र आलं. १७७६ मध्ये कार्ल विल्हेल्म शीले या स्वीडनमधल्या औषध-रसायनतज्ज्ञाने माणसाच्या मूत्राशयातला खडा तपासला आणि त्यातून एक नवं आम्ल वेगळं काढलं. तेच आपलं यूरिक ॲसिड. दगडाचा प्रश्न तेव्हापासून बदलला. 'कसा काढायचा' याच्या जोडीला 'कशाचा बनलाय' हा प्रश्न आला. आणि हे फार महत्त्वाचं, कारण कशाचा बनलाय हे कळलं तरच तो परत होऊ नये म्हणून काय करायचं हे कळतं.

भारतात हीच वाट पुढे कुन्नूरपर्यंत आली. १९२०च्या दशकात निलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन आहारावर संशोधन करत होते. ठरावीक निकृष्ट आहार दिला की पांढऱ्या उंदरांच्या मूत्राशयात खडे होतात, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे खडा ही नशिबाची गोष्ट नाही, ताटातल्या अन्नाशी तिचा संबंध आहे. पण मॅककॅरिसनना उंदरांचं काही पडलेलं नव्हतं. त्यांना माणसांच्या खड्याचं कारण हवं होतं. उंदीर फक्त साधन.

इथे आपला दुसरा इतिहास सुरू होतो.

आता प्राण्याचा इतिहास

गिनी पिग 'पिग' नाही आणि तो गिनीचाही नाही. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. पेरू, बोलिव्हिया या भागात हजारो वर्षांपूर्वी माणसाने त्याला पाळलं, तेही खाण्यासाठी. तिथे त्याला 'कुय' म्हणतात आणि आजही तो सणासुदीला ताटात असतो. स्पॅनिश लोक तिथे पोचल्यावर सोळाव्या शतकात तो युरोपात आला. १५५४ मध्ये स्वित्झर्लंडच्या कॉनराड गेस्नरने त्याचं वर्णन लिहिलं. १५८०च्या सुमाराचं एक इंग्लिश चित्र आहे, त्यात तीन मुलं उभी आहेत आणि मधल्या मुलीच्या हातात गिनी पिग आहे. म्हणजे युरोपात तो खाण्याचा प्राणी म्हणून रुजला नाही, हौसेने सांभाळायचा प्राणी म्हणून रुजला.

प्रयोगशाळेत तो शिरला तो पुढे. १७८२-८३च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लॅव्हॉझिए आणि लाप्लास यांनी एक भांडं बनवलं. आत प्राणी, भोवती बर्फ. प्राण्याच्या अंगाच्या उष्णतेने किती बर्फ वितळला ते मोजायचं. आत ठेवला होता गिनी पिग. साधारण १० तासांत १३ औंस, म्हणजे जवळपास ४०० ग्रॅम बर्फ वितळला. त्यावरून त्यांनी मांडलं की श्वसन म्हणजे एक मंद ज्वलनच आहे.

आता तारखा शेजारी-शेजारी ठेवून बघा. शीलेचा दगड १७७६, लॅव्हॉझिएचा गिनी पिग १७८३. सात वर्षांच्या आत रसायनशास्त्राने मुतखडाही हातात घेतला आणि गिनी पिगही. पण दगड माणसाचा होता, आणि गिनी पिगला विचारलेला प्रश्न उष्णतेचा होता.

पुढच्या शतकात तर गिनी पिगला सुट्टीच नाही. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू जाहीर केला, त्याच्या पुराव्यातला मोठा भाग गिनी पिगवरच्या प्रयोगांचा होता. आपल्या परळच्या हाफकिन संस्थेला ज्यांचं नाव आहे, त्या वाल्देमार हाफकिन यांनी पॅरिसमध्ये कॉलराची लस बनवताना जंतू गिनी पिगच्या शरीरातून पुन्हा पुन्हा नेऊन जास्त जहाल केले आणि मग १८ जुलै १८९२ रोजी लस स्वतःला टोचून घेतली. १९०७ मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश यांनी गिनी पिगना नुसतं धान्य खायला घातलं आणि त्यांना खलाशांना व्हायचा तो स्कर्व्ही झाला. कारण माणसासारखंच गिनी पिगचं शरीरही क जीवनसत्त्व स्वतः बनवू शकत नाही. पुढे १९३२च्या सुमारास सेंट-ग्यॉर्गी यांच्याकडचा 'हेक्स्युरॉनिक ॲसिड' नावाचा पदार्थ हेच क जीवनसत्त्व आहे, हे सिद्ध झालं तेही गिनी पिगवरच. १९३७ चं नोबेल त्याच वाटेवर आहे.

आणि आता सगळ्यात उपरोधिक नोंद. रुग्णाच्या मूत्रपिंडाला क्षय झालाय का हे शोधायची एक नेहमीची पद्धत अशी होती: रुग्णाच्या लघवीचा गाळ काढायचा, तो गिनी पिगला टोचायचा, काही आठवडे थांबायचं, आणि मग त्याला मारून आत क्षयाच्या गाठी आहेत का ते बघायचं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चालू होतं. माणसाच्या लघवीच्या तक्रारीचं निदान गिनी पिगच्या जिवावर व्हायचं. गिनी पिगच्या स्वतःच्या लघवीची तक्रार कोणाच्या वहीत नव्हती.

२५० ग्रॅमचा गिनी पिग

असं का झालं? दुष्टपणा म्हणून सोडून देणं सोपं आहे. मला खरं कारण एका आकड्यात दिसतं.

१८९७ मध्ये पॉल एर्लिशने घटसर्पाच्या औषधाचं प्रमाण ठरवायची पद्धत दिली. औषध मोजण्याआधी विष मोजायला हवं. मग विषाचं माप काय? तर २५० ग्रॅम वजनाचा गिनी पिग साधारण चार दिवसांत मरेल एवढी मात्रा. आपण जसं एक लिटर, एक किलो म्हणतो, तसा हा '२५० ग्रॅमचा गिनी पिग' मोजमापाचाच भाग झाला.

आता २५० ग्रॅमचा गिनी पिग म्हणजे केवढा? जेमतेम तीन-चार आठवड्यांचं पिल्लू. मोठा गिनी पिग ७०० ते १२०० ग्रॅमचा असतो आणि घरी नीट सांभाळला तर पाच ते आठ वर्षं जगतो. मूत्राशयाचे खडे बहुतेक वेळा अडीच-तीन वर्षांनंतर दिसायला लागतात.

मी दिवसभर कोड लिहिते, म्हणून मला हे लगेच ओळखीचं वाटलं. आमच्याकडे मेमरी लीक नावाचा प्रकार असतो. प्रोग्राम दर तासाला थोडी मेमरी घेतो आणि परत करत नाही. पण टेस्टिंगवाला सर्व्हर रोज रात्री रीस्टार्ट होत असेल, तर हा दोष तिथे कधीच दिसत नाही. सगळे टेस्ट हिरवे. दोष दिसतो तो ग्राहकाकडे, जिथे तीच मशीन महिनोन्महिने बंद न होता चालते. गिनी पिगचं अगदी तेच. प्रयोगशाळेतली बरीचशी कामं काही दिवसांची, आठवड्यांची. हळूहळू साचत जाणारा आजार तिथे दिसायला वेळच नव्हता. तो दिसला घरात, जिथे कोणीतरी त्या प्राण्याला नाव दिलं, गवत दिलं आणि चौथ्या वर्षापर्यंत जगवलं.

हाच प्रकार खाण्याच्या तक्त्यातही आहे. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलचं 'प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या पोषणगरजा' या विषयावरचं पुस्तक १९९५ मध्ये आलं. त्यात गिनी पिगसाठी कॅल्शियम किलोमागे ८ ग्रॅम असा आकडा आहे. तक्ता कशासाठी? वाढीसाठी. म्हणजे वाढत्या पिल्लांसाठी. पाच वर्षांच्या, सोफ्याखाली झोपणाऱ्या गिनी पिगसाठी तो बनलेलाच नाही. तक्ता चुकीचा नाही, फक्त तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

पेनिसिलिन आणि आठ उंदीर

मुद्द्यावर जायच्या आधी एक छोटा थांबा, कारण लघवीचा त्रास झाला की घरचे लोक सगळ्यात आधी हात घालतात तो अँटिबायोटिकच्या पाकिटाला.

२५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ उंदरांना जीवघेणे जंतू टोचले. चौघांना पेनिसिलिन दिलं, चौघांना नाही. औषध न दिलेले चारही मेले. पेनिसिलिनची गाडी तिथून सुटली. पण त्या दिवशी उंदरांऐवजी गिनी पिग असते तर? १९४३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी नोंदवलं की पेनिसिलिन गिनी पिगला घातक ठरतं. कारण त्याचं अख्खं पचन आतड्यातल्या जंतूंवर चालतं. पेनिसिलिन चांगले जंतू मारतं, त्यांच्या जागी विष तयार करणारे जंतू वाढतात आणि प्राणी काही दिवसांत जातो. शास्त्रज्ञांना गिनी पिग हाताशी सापडला असता, तर कदाचित हे औषध विषारी म्हणून कपाटात गेलं असतं, असं वैद्यकाच्या इतिहासात बरेचदा म्हटलं जातं.

आपल्यासाठी याचा अर्थ साधा आहे. घरात उरलेली ॲमॉक्सिसिलिनची गोळी गिनी पिगला तोंडाने देणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. त्याला चालणारी अँटिबायोटिक वेगळी आहेत, ती डॉक्टरच ठरवतील.

२००९: दोन इतिहास भेटतात

आता श्रोत्याच्या प्रश्नाकडे. ऑक्झलेट की कार्बोनेट?

जुन्या नोंदींमध्ये गिनी पिगच्या खड्यांबद्दल ऑक्झलेट हे नाव बऱ्याचदा येतं. माणसाच्या मुतखड्यात सगळ्यात जास्त सापडतो तोही कॅल्शियम ऑक्झलेटच, त्यामुळे हे उत्तर कोणाला खटकलंही नसावं. त्यातून सल्ले तयार झाले: पालक नको, ऑक्झलेटवाल्या भाज्या नकोत.

२००९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक तज्ज्ञांनी पाळीव गिनी पिगमधून काढलेल्या खड्यांची तपासणी प्रसिद्ध केली. नुसत्या सूक्ष्मदर्शकावर न थांबता त्यांनी इन्फ्रारेड किरणांनी खड्यातलं नेमकं रसायन ओळखलं. निघालं काय? बहुतांश खडे कॅल्शियम कार्बोनेटचे. शीलेने माणसाच्या दगडाला १७७६ मध्ये विचारलेला प्रश्न, पाळीव गिनी पिगच्या दगडांना असा मोठ्या संख्येने विचारायला २३३ वर्षं लागली.

आता कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे काय? संगमरवर, अंड्याचं टरफल. बोअरचं पाणी असलेल्या सोसायटीत गीझरच्या कॉइलवर जो पांढरा कडक थर बसतो, तोही मुख्यतः हाच.

आणि हे गिनी पिगलाच का? आपण कॅल्शियम खातो तेव्हा शरीर गरजेपुरतंच आतड्यातून घेतं, बाकीचं शौचावाटे जातं. गिनी पिगचं आतडं तसा हिशेब करत नाही. खाल्लेलं कॅल्शियम बऱ्यापैकी सगळं रक्तात घेतं आणि जास्तीचं मूत्रपिंडं लघवीतून बाहेर टाकतात. सशाचंही असंच आहे. त्यात गवत खाणाऱ्या प्राण्याची लघवी अल्कधर्मी, पीएच साधारण ८ ते ९. अशा लघवीत कॅल्शियम कार्बोनेट विरघळत नाही, कणाकणाने खाली बसतं. म्हणून निरोगी गिनी पिगची लघवीही थोडी गढूळ असते आणि वाळल्यावर पांढरी भुकटी राहते. थोडी भुकटी म्हणजे आजार नाही. वाळूसारखी कचकच लागायला लागली, की सावध व्हायचं.

शाळेत खडूवर व्हिनेगर टाकून फेस बघितला असेल. मग लघवीच आम्लधर्मी करून खडा विरघळवता येईल का? नाही. या प्राण्याचं शरीरच त्या बाजूला झुकलेलं नाही, जबरदस्ती केली तर बाकीचं बिघडतं. म्हणजे एकदा झालेला मोठा खडा खाणं बदलून विरघळत नाही. तो काढावाच लागतो.

मग घरी काय करायचं?

आधी लक्षणं. गिनी पिग हा शिकार होणारा प्राणी, त्यामुळे दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. लघवी करताना किंचाळणं, पाठ कमान करून बसणं, लघवीत लाली, मागचा भाग सतत ओला, खाणं कमी, वजन उतरणं. मादीच्या बाबतीत रक्त गर्भाशयातूनही येत असू शकतं, त्यामुळे फोटो पाठवून निदान होत नाही. कॅल्शियमचा खडा एक्स-रेमध्ये स्वच्छ पांढरा दिसतो, म्हणून एक्स-रे हीच पहिली तपासणी. कुंथतोय पण लघवी होतच नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. आणि दिवसभर काहीच खाल्लं नाही, तर तीही तातडीचीच वेळ समजा.

दुसरं, घरगुती उपाय. आपल्याकडे मुतखडा म्हटलं की आजी हुलग्याचं पाणी सांगते आणि शेजारच्या काकू कुंडीतून पानफुटीचं पान तोडून आणतात. मंडळी, पानफुटी गिनी पिगला अजिबात देऊ नका. या कुळातल्या वनस्पतींमध्ये हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात, त्या चरून गुरं दगावल्याच्या नोंदी आहेत. ८०० ग्रॅमच्या जिवाला तर फारच धोका.

तिसरं, ऑपरेशन. मादीमध्ये छोटा खडा मूत्रमार्गाच्या तोंडाशी आला असेल तर डॉक्टर भूल देऊन तिथूनच काढू शकतात. नाहीतर पोट उघडून मूत्राशयातून काढायचा. इथे सुश्रुताची परवानगीवाली गोष्ट आठवा. ब्रिटनमध्ये पाळीव प्राण्यांच्या भुलीबद्दल मोठी पाहणी झाली आणि २००८ मध्ये तिचे आकडे आले. भूल दिल्यावर दगावण्याचं प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ टक्के, सशांत १.३९ टक्के आणि गिनी पिगमध्ये ३.८ टक्के. म्हणजे साधारण २६ मध्ये एक. हा आकडा घाबरवायला सांगत नाहीये. यात सगळ्या प्रकारचे रुग्ण आले, आधीच अत्यवस्थ असलेलेही. पण डॉक्टर सही मागतात तेव्हा ती नुसती औपचारिकता नाही, हे कळावं. डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचारा: गिनी पिगच्या शस्त्रक्रियेचा अनुभव आहे का, वेदनाशामक काय देणार, आणि घरी आल्यावर तो स्वतःहून खाईपर्यंत सिरिंजने कसं भरवायचं. कुत्र्यासारखं त्याला ऑपरेशनच्या आधी उपाशी ठेवत बसायचं नसतं, त्याचं पोट थांबलं की नवंच संकट उभं राहतं. आणि काढलेला खडा टाकून देऊ नका, तपासणीला पाठवता येतो का ते विचारा. २००९ चं उत्तर मिळालं ते कोणीतरी असेच खडे जपून पाठवले म्हणून.

चौथं, परत होऊ नये म्हणून. इथे प्रामाणिक राहायला हवं: एकाच पिंजऱ्यात, एकच खाणं खाणाऱ्या दोघांपैकी एकालाच खडा होतो. म्हणजे खाणं हे एकमेव कारण नाही. काळजी घेऊनही खडा परत होतो, तो दोष सांभाळणाऱ्याचा नसतो. तरी जे आपल्या हातात आहे ते असं:

वाळलेलं गवत चोवीस तास, पोटभर. पण कोणतं गवत? आपल्याकडे दूधवाल्यांकडे सहज मिळते ती लसूणघास, म्हणजेच अल्फाअल्फा. ती कॅल्शियमने भरलेली. पिल्लाला किंवा गाभण मादीला ठीक, मोठ्याला रोज नको. पेलेटच्या पाकिटावरही पहिला घटक अल्फाअल्फा आहे का ते वाचा, आणि पेलेट मोजून थोड्याच द्या. गवत हे मुख्य जेवण, पेलेट म्हणजे ताटातली चटणी.

पाणी भरपूर. बाटलीबरोबर एक जड वाटीही ठेवा, आणि भाजी धुऊन ओलीच द्या. लघवी जेवढी पातळ, तेवढं साचणं कमी.

पालकाचं उत्तर: खडा कार्बोनेटचा असला तरी पालक काही रोजचा पदार्थ नाही, त्यात कॅल्शियमही बरंच असतं. आठवड्यातून एखादं पान खाल्ल्याने आभाळ कोसळत नाही. मात्र कॅल्शियमला घाबरून सगळ्या हिरव्या भाज्या बंद करणं हे त्याहून वाईट, कारण त्यातूनच पाणी आणि क जीवनसत्त्व मिळतं. होल्स्ट आणि फ्रोलिशचे गिनी पिग आठवा. ढोबळी मिरचीचा तुकडा रोज द्या. अधूनमधून पेरूची छोटी फोडही चालते, गोड असल्यामुळे छोटीच. पेरूहून आलेला प्राणी पेरू खातो, एवढा विनोद तर चालेलच.

आणि शेवटचं, वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, वर एक टोपली ठेवा आणि दर आठवड्याला, त्याच वेळेला वजन करून मोबाइलमध्ये लिहा. आठवड्यात ५० ग्रॅमहून जास्त उतरलं तर लक्ष ठेवा. दहा टक्के उतरलं तर सरळ डॉक्टरांकडे. तो आवाजाने सांगत नाही ते काटा सांगतो.

सव्वाशे वर्षांपूर्वी गिनी पिगला काट्यावर ठेवायचे, तो २५० ग्रॅमचा भरला की विष मोजायला घ्यायचे. आज पुण्यातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये कोणीतरी रविवारी सकाळी ९१० ग्रॅम असं लिहून ठेवतं आणि मागच्या आठवड्याशी ताडून बघतं. अशी तीन-चार वर्षांची नोंद कुठल्याही जुन्या प्रयोगशाळेच्या वहीत सापडायला अवघड आहे. तुमच्याकडे ती असेल तर डॉक्टरांना दाखवा, त्यांनाही उपयोगी पडेल.

आजच्यापुरतं एवढंच. ज्याच्या घरी गिनी पिग आहे अशा एखाद्या मित्राला हा भाग नक्की पाठवा, विशेषतः पानफुटी आणि ॲमॉक्सिसिलिनचा भाग. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत पाणी प्या, आपल्यालाही मुतखडा होतोच!